टी-शर्ट फुकट नसतो, बाई!

फेब्रुवारी निम्मा सरला की हल्ली तालुक्याच्या गावांतही चौकाचौकांत फलक लागतात. महिला दिनानिमित्त भव्य दौड! अंतर तीन किंवा पाच किलोमीटर, आयोजक जरा हौशी असले तर दहा. प्रवेश फी दोन-चारशे रुपये आणि त्याखाली फीपेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘प्रत्येकीला टी-शर्ट, मेडल, प्रमाणपत्र व नाश्ता’. एकेकाळी हे पुण्या-मुंबईचं खूळ समजलं जायचं. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची, मुंबईची २००४ पासूनची. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ मध्ये सुरू झाली. आता हे लोण लहान गावांपर्यंत पोहोचलंय आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. ज्या रस्त्यावरून बाई एरवी भाजीची पिशवी सांभाळत कडेकडेनं जाते, त्याच रस्त्याच्या मधोमध ती सकाळी सहा वाजता धावते आणि पोलीसदादा तिच्यासाठी गाड्या थांबवतात. ही काही लहान गोष्ट नाही.

पण आज मला बोलायचंय ते त्या टी-शर्टबद्दल. नेमकं सांगायचं तर, फॉर्मवरच्या एका चौकटीबद्दल, जिथे लिहिलेलं असतं ‘टी-शर्ट साइज’. पुढे चार अक्षरं, एस, एम, एल, एक्सएल. एकीवर खूण करा आणि पुढे जा. तुम्ही म्हणाल, देशात एवढे प्रश्न पडलेत आणि ही बाई टी-शर्टच्या मापाचं काय घेऊन बसलीय! पण मैत्रिणींनो, कार्यक्रमाला कोण येणार असं आयोजकांनी मनात धरलंय, हे भाषणातून कळत नाही. ते त्या चौकटीतून कळतं, आणि त्याहून जास्त किटवाटपाच्या टेबलावर कळतं.

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या अशाच एका दौडीचं किट घ्यायला मी शेजारच्या वहिनींबरोबर गेले होते. वहिनी पंचेचाळिशीच्या. आयुष्यात पहिल्यांदा नाव नोंदवलेलं, तेही स्वतःच्या शिवणकामाच्या पैशांतून. फॉर्मवर डबल एक्सएल लिहिलं होतं. वाटप दुपारी तीनला सुरू झालेलं. घरचा चहा, मुलांचे क्लास, संध्याकाळच्या भाजीची तयारी हे उरकून आम्ही पोहोचलो तोवर सहा वाजले. टेबलावरच्या मुलानं यादीत नाव शोधलं, खूण केली आणि एक पिशवी पुढे सरकवली. वहिनींनी उघडून बघितलं तर एम! ‘अरे बाळा, मी डबल एक्सएल लिहिलंय,’ त्या म्हणाल्या. तो म्हणाला, ‘काकू, मोठे सगळे संपले. कापड ताणतं, होईल ओ.’ मागे रांग उभी. वहिनी गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी तो टी-शर्ट अंगात घालून पाहिला, आरशासमोर दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि परत घडी करून ठेवला. दौडीला काही आल्या नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, ‘डोकं दुखत होतं.’

डोकं काय दुखत होतं ते तुम्हाला-मला न सांगता कळतं. घरातून आधीच ‘आता या वयात काय धावायचंय’ हे ऐकून झालेलं. त्यात अंगाला चिकटलेला, वर सरकणारा पांढरा टी-शर्ट घालून गावाच्या मुख्य रस्त्यावर जायचं, जिथे दर दहा पावलांवर नात्यातलं, ओळखीतलं कोणीतरी उभं असणार, वर फोटो आणि मोबाइलवर व्हिडिओ. एका चुकीच्या पिशवीनं एका बाईची पहिली दौड गेली. आयोजकांच्या वहीत मात्र ‘किट दिले’ अशी खूण आहे, म्हणजे त्यांचा हिशेब पूर्ण!

हे असं का होतं, ते मी नंतर जरा खोदून विचारलं. दोन-तीन कार्यक्रम भरवणाऱ्या मंडळींशी आणि टी-शर्ट छापून देणाऱ्या एका दुकानदाराशी बोलले. यात कोणाचा दुष्टावा नाही. गंमत अशी, की पुष्कळदा नावनोंदणी संपायच्या आतच टी-शर्टची ऑर्डर गेलेली असते. कापड आणि शिलाई तमिळनाडूतल्या तिरुपूरची, नाहीतर लुधियानाची. प्रायोजकांची चिन्हं ठरायची, छपाई व्हायची, माल गाडीनं यायचा, या सगळ्याला काही आठवडे लागतात. नावं तर शेवटच्या चार दिवसांत धो-धो येतात. मग आयोजक अंदाज बांधतात. कारखान्यात कापडाचे थर एकावर एक रचून एकदम कापतात, त्यामुळे प्रत्येक मापाचे किती हे प्रमाणात सांगावं लागतं. बाजारातला एक नेहमीचा हिशेब म्हणजे एक-दोन-दोन-एक. म्हणजे सहा नगांत एक एस, दोन एम, दोन एल आणि एक एक्सएल. यात डबल एक्सएल कुठे आहे? नाहीच. मागितले तर वेगळे सांगावे लागतात, कधी दरही जास्त पडतो.

आता हा हिशेब कोणाच्या अंगाचा? कॉलेजातल्या मुला-मुलींचा. दोन बाळंतपणं झालेल्या, चाळिशी ओलांडलेल्या, दिवसभर पोळपाटापाशी नाहीतर शिलाई मशीनवर असणाऱ्या बाईचा नक्कीच नाही. आणि दौड कोणासाठी? फलकावर तर तिचंच चित्र असतं!

बरं, आलेला माल तरी मागेल त्याला मिळतो का? आधी स्वयंसेवक घेतात, मग प्रायोजकांची माणसं, पाहुणे, त्यांची मुलं. वाटप सुरू झालं की पहिले येणारे टेबलावरच माप बदलून घेतात, ‘एम नको, एल द्या, सैल बरा.’ एकानं मोठा घेतला की यादीतल्या कोणाचा तरी एक मोठा कमी झाला. शेवटी येणाऱ्याच्या वाट्याला लहान तेवढे उरतात. आणि शेवटी कोण येतं? जिला घरचं आवरून निघावं लागतं ती. म्हणजे मापाची अडचण ही शेवटी वेळेची अडचण होते, आणि वेळ कोणाकडे नसतो ते मी सांगायला नको.

आता त्या ‘युनिसेक्स’ शब्दाकडे येऊ. फॉर्मवर हा शब्द फार रुबाबात लिहिलेला असतो. अर्थ काय, तर बाईलाही चालेल, पुरुषालाही चालेल. पण तो बेतलेला असतो पुरुषाच्या अंगावर. खांदे रुंद आणि छातीपासून खालपर्यंत सरळसोट नळकांडं. छातीला जेवढा घेर, तेवढाच खाली. आपल्यापैकी बहुतेकींचं अंग असं नसतं. छातीपेक्षा सीट, म्हणजे शिंपी ज्याला सीट म्हणतो तो कमरेखालचा घेर, मोठा असतो. त्यामुळे छातीला बरोबर बसलेला टी-शर्ट खाली अडकतो आणि धावताना वर वर चढतो. सीटच्या मापानं घ्यावा तर खांदे कोपरापर्यंत उतरतात. आणि आपण काय म्हणतो? ‘माझंच अंग बेढब आहे!’ अहो, अंग बेढब नाही, माप दुसऱ्याचं आहे.

माप कोण ठरवतं हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेत १९३९-४० मध्ये तिथल्या सरकारी शेती खात्यानं सुमारे पंधरा हजार बायकांची मापं घेतली, एकेकीची एकोणसाठ मापं! पण अहवालात धरल्या त्या फक्त गोऱ्या बायका. त्याच आकड्यांच्या आधारानं तिथे १९५८ मध्ये बायकांच्या तयार कपड्यांचं सरकारी प्रमाण ठरलं. ते पुष्कळ जणींना बसेना, म्हणून १९८३ मध्ये तेही मागे घेतलं. आपल्याकडे तर भारतीयांच्या मापाचा स्वतःचा तक्ताच नव्हता, परदेशी तक्त्यांवर काम चाललेलं. म्हणून वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या मदतीनं निफ्ट या संस्थेनं ‘इंडियासाइज’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. सहा शहरांत, पंधरा ते पासष्ट वयाच्या पंचवीस हजारांवर स्त्री-पुरुषांची यंत्रानं मापं घ्यायची, अशी ती योजना. काम मोलाचं आहे. पण शहरांच्या यादीकडे बघताना माझ्या मनात येतंच, शेतात वाकून काम करणारी, निमशहरात राहणारी बाई या मापात किती आली असेल?

आणि ही गोष्ट फक्त आपल्या गावापुरती आहे असं समजू नका. थेट अंतराळात जाऊ! २९ मार्च २०१९ रोजी इतिहासात पहिल्यांदा दोन बायका, अ‍ॅन मॅक्लेन आणि क्रिस्टिना कोच, अंतराळ स्थानकाबाहेर पडून एकत्र काम करणार होत्या. जगभर बातम्या झाल्या. ऐन वेळी बेत बदलला. का? तर त्या अंतराळ पोशाखाचा वरचा कडक भाग, म्हणजे त्याचं धड म्हणा, दोघींनाही मध्यम मापाचा लागत होता आणि वेळेत वापरायला तयार होता फक्त एक. मॅक्लेन यांनी सुरक्षिततेचा विचार करून दुसऱ्या मापात बाहेर जायचं टाळलं, आणि कोच यांच्याबरोबर एक पुरुष सहकारी गेले. दोन बायकांचा तो अंतराळातला फेरफटका शेवटी १८ ऑक्टोबर २०१९ ला झाला, क्रिस्टिना कोच आणि जेसिका मीर यांचा. एवढी मोठी नासा, एवढा पैसा, एवढी बुद्धी, आणि अडलं कुठे? एका एमवर! मापं ठरवताना कोण डोळ्यासमोर होतं, त्याचं उत्तर असं कित्येक वर्षांनीही बाहेर येतं.

आता थोडं आपल्याकडेही बघू. फॉर्म पुष्कळदा आपण स्वतः भरत नाही. मुलगा मोबाइलवर भरतो, भाची भरते. ‘आई, साइज काय टाकू?’ स्वयंपाकघरातून उत्तर येतं, ‘टाक एल.’ टेपनं कोणी मोजत नाही. दुसरं म्हणजे लाज. भिशीत सगळ्या मिळून नावं देताना ट्रिपल एक्सएल मोठ्यानं म्हणवत नाही, म्हणून एक्सएलवर भागवतो. मग आयोजकांच्या यादीतही आपण बारीकच दिसतो आणि पुढच्या वर्षी ते मोठी मापं आणखी कमी मागवतात. आपली लाज त्यांच्या हिशेबात जाऊन बसते, असं हे चक्र आहे. शरीराचं माप हा काही परीक्षेतला निकाल नाही. चपलेचा नंबर सांगताना लाजतो का आपण?

म्हणून आधी टेप काढा. घरात नसेल तर शेजारच्या टेलरताईंकडे असतोच. छातीचा सर्वांत मोठा घेर मोजा, मग सीटचा. दोन्हींतलं जे मोठं, ते तुमचं माप. युनिसेक्स टी-शर्टसाठी त्यात दोन ते चार इंच सैलपणा मिळवा. अंगावर मोजणं जमत नसेल तर नीट बसणारा एखादा सैल कुर्ता जमिनीवर सपाट पसरा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा आणि त्याची दुप्पट करा. तसाच खालचा घेरही मोजा. आता आयोजकांना विचारा, ‘तुमचा एक्सएल किती इंचांचा?’ हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण एका कारखान्याचा एल चाळीस इंचांचा असतो तर दुसऱ्याचा बेचाळीसचा. अक्षर तेच, कापड वेगळं. ‘लेडीज फिट’ लिहिलं असेल तर आणखी सावध, कारण तोच एल कमरेत आणि बाह्यांत तंग निघतो. कुर्तीचा नंबर टी-शर्टला लावू नका. तिला बाजूला कट असतो, म्हणून सीटवर अडत नाही, टी-शर्टला नसतो. लांबीही विचारा. सुती असेल तर धुतल्यावर थोडा आटेल हे धरा. ज्या साडीवर, पंजाबी ड्रेसवर किंवा बुरख्यावर घालणार असतील त्यांनी एक माप आणखी वाढवा. आणि रंग विचाराच. घामानं आणि वाटेत अंगावर ओतलेल्या पाण्यानं पांढरं पातळ कापड किती पारदर्शक होतं, हे ठरवणाऱ्यांच्या सहसा डोक्यात नसतं.

भरलेल्या फॉर्मचा फोटो काढून ठेवा, त्यात माप दिसतं. किट घ्यायला घरच्या कोणाला पाठवलंत तर पिशवी तिथेच उघडून माप बघायला सांगा. चुकीचं मिळालं तर शांतपणे म्हणा, ‘मी हे माप लिहिलं होतं, ही नोंद बघा.’ तो मुलगा म्हणेल, ‘काकू, टी-शर्ट फ्रीच आहे.’ इथेच आपण फसतो. फुकट नसतो तो! आपल्या फीमध्ये त्याची किंमत धरलेली असते. ‘एवढ्यात एवढं मिळेल’ असं सांगून पैसे घेतले, तर ते द्यायला हवं. ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर मोबाइलवरून लागतो. एका टी-शर्टसाठी कोर्टात जा असं मी म्हणत नाही. पण आपण मेहेरबानी मागत नाही आहोत, हे मनात पक्कं असलं की टेबलापुढे आवाज वेगळा लागतो.

आयोजकांनाही चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात, आणि त्या खर्चिक नाहीत. फॉर्मवर अक्षरांपुढे इंच लिहा, मराठीत. दुकानात सुट्या विकल्या जाणाऱ्या कपड्यांवर एस, एम, एलच्या जोडीनं सेंटिमीटरमधलं मापही असावं, असं केंद्र सरकारनं २०२२ मध्येच सांगितलंय, मग दौडीच्या फॉर्मवर लिहायला काय हरकत? प्रत्येक मापाचा एकेक नमुना नावनोंदणीच्या काळात महिला मंडळात किंवा टेलरच्या दुकानात ठेवा, बायका घालून बघतील. यादीत ट्रिपल आणि फोर एक्सएल ठेवा. पिशवीवर नाव आणि माप लिहून ती बाजूला काढा, म्हणजे आधी येणाऱ्यानं उशिरा येणारीचा घास पळवायला नको. अदलाबदलीचं वेगळं टेबल मांडा, आणि ते रात्री आठपर्यंत उघडं ठेवा. स्वयंसेवकांना एवढं शिकवा की ‘होईल ओ’ हे उत्तर नाही. आणि ‘टी-शर्ट नको, फी कमी’ अशीही एक चौकट फॉर्मवर असू द्या.

ही शेवटची चौकट मला फार गरजेची वाटते. बारामतीच्या लता करे आठवतात? नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे हवेत म्हणून नऊवारी साडीत, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावरच्या मराठी चित्रपटात त्यांनी स्वतः काम केलं, आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. धावायला टी-शर्ट लागतोच असं नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. तेव्हा ‘टी-शर्ट घातला तरच प्रवेश’, ‘फोटोत टी-शर्टवाल्या पुढे’ असले नियम कृपा करून करू नका. जिला साडीत धावायचंय तिला साडीत धावू द्या. पण जिला टी-शर्ट हवाय, जी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तो घालायला तयार झालीय, तिला तिच्या अंगाचा द्या. घरच्यांना पटवून, पैसे साठवून, धीर गोळा करून ती इथवर आलीय. ती टेबलावरून परत फिरली तर पुढच्या वर्षी नाव देणार नाही, आणि तिच्या मागून येऊ पाहणाऱ्या दोघीही देणार नाहीत.

यंदा तुमच्या गावात फलक लागेल, तेव्हा फी विचारण्याआधी मापाचा तक्ता मागा. एकीनं मागितला तर ‘चौकस दिसतेय’ म्हणतील, दहा जणींनी मागितला तर छापतील. आणि चौकटीत खूण करताना तुमचं खरं माप लिहा, ठळक अक्षरांत. तिरुपूरला जाणारी ती ऑर्डर म्हणजे एक प्रकारची शिरगणतीच आहे, तिच्यात आपली नोंद खरी व्हायला हवी.